ऑपरेशनची तारीख ठरली, पण अंगात रक्त किती?

भिंगारमध्ये कुणाच्या घरी ऑपरेशन ठरलं की आपण पैसे, योजनेचं कार्ड, नगरला दवाखान्यात कोण थांबणार, याची जुळवाजुळव करतो. हिमोग्लोबिनची आठवण आदल्या दिवशी येते आणि मग रक्ताच्या बाटलीसाठी धावपळ सुरू होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय आहे. घरात मात्र अम्मीची 'थोडी कमजोरी' म्हणून विषय संपतो. 2011 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या, सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात सौम्य रक्तक्षय असलेल्यांमध्येही ऑपरेशननंतर गुंतागुंत आणि मृत्यू जास्त आढळले.

बाटलीने आकडा वाढतो, पण रक्त कमी होण्याचं कारण तसंच राहतं. पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, जंत, अपुरा आहार, यांपैकी काहीही असू शकतं. लोहाच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून ऑपरेशन तातडीचं नसेल तर ते ठरल्या दिवशीच रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना कारण विचारावं. तातडीचं असेल तर थांबू नये.

ईद-ए-मिलादला आपल्याकडे रक्तदान शिबिरं भरतात, ही नेकीच आहे. त्याच दिवशी घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिनही तपासलं तर ऐनवेळची धावपळ कमी होईल.