गिलाव्याखालची सळई, भिंतीतली तार

मुंबईत एखादी चाळ कोसळली किंवा शॉर्टसर्किटने खोली जळाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : इमारत फार जुनी होती. जणू इमारतीच्या वयानेच माणसे मारली! मुंबई उच्च न्यायालयाची इमारत १८७८ची आहे. ती दगडी आहे हे खरे. पण ती उभी आहे ती केवळ दगडामुळे नव्हे, तिची देखभाल होते म्हणून. मग गरिबाच्या इमारतीलाच म्हातारपण का मारते? प्रश्न वयाचा नाही. प्रश्न आहे तो कोणाच्या डोक्यावरचे छत दुरुस्त करायचे आणि कोणाचे तसेच लोंबकळत ठेवायचे, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेचा.

बीडीडी चाळींचेच उदाहरण घ्या. १९२०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. कोकणातून, घाटावरून आलेला आपला समाज गिरणीच्या भोंग्यावर इथे जगला. १९७४ साली वरळीच्या दंगलीत इथल्याच पँथर्सनी लढा दिला; १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. ज्या भिंतींनी चळवळ पाहिली, त्या भिंतींच्या आत काय चालले होते हे मात्र आपण पाहिले नाही.

आत काय होते ते समजून घेतले पाहिजे. सामाईक मोरी-संडासाचे पाणी वर्षानुवर्षे स्लॅबमध्ये मुरते. ते सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते, आणि गंजलेले लोखंड फुगते. ते फुगले की आतूनच काँक्रीट फोडते. आपल्याला वरून फक्त पोपडे दिसतात. मग दिवाळीपूर्वी गिलावा होतो, रंग लागतो, भिंत छान दिसते. रोग आत आणि मलम बाहेर! जातिव्यवस्थेला सुधारणेचा रंग देणाऱ्यांची रीत याहून वेगळी नव्हती. म्हणूनच बाबासाहेबांना डागडुजी मान्य नव्हती.

तारेची गोष्ट आणखी गंभीर आहे, कारण ती दिसतच नाही. जुन्या खोलीत तार टाकली गेली तेव्हा एक दिवा आणि फार तर एक पंखा हाच हिशेब होता. आज त्याच तारेवर फ्रिज, मिक्सर, टीव्ही, कुठे गिझर आहे. दोन किलोवॅटचा गिझर एकटाच जवळपास नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. जुन्या तारेवरचे रबर त्या उष्णतेने वाळते, तडकते. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घालतो. त्या दिवसापासून फ्यूज वितळायचा थांबतो आणि भिंतीतली तार जळू लागते. अर्थिंग नसेल तर फ्रिजच्या दाराला हात लावणारी आपली आई-बहीण विजेच्या वाटेत उभी असते.

आणि हे घडते कोणाच्या अनुयायांच्या घरात? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. देशाच्या वीजनियोजनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले. गरिबाच्या खोलीत वीज पोहोचावी असा ध्यास ज्यांचा, त्यांच्या लेकरांच्या खोलीत तीच वीज काळ होऊन बसावी?

“पुनर्विकास होणारच आहे, मग आता खर्च कशाला?” हे उत्तर प्रत्येक चाळीने ऐकले आहे. वरळीच्या बीडीडी पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५मध्ये. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणे हा रहिवाशांच्या लढ्याचा विजय आहे, त्याचे स्वागतच. परंतु मधली आठ वर्षे गंज थांबला होता काय? भेंडी बाजारची हुसैनी इमारत पुनर्विकासाच्या योजनेतच होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. उद्याच्या घराचे आश्वासन आजच्या छताला टेकू देत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. शेवटचे कुटुंब बाहेर पडेपर्यंत जुन्या इमारतीच्या स्लॅबची आणि तारांची जबाबदारी मालकाची. मालक सरकार असले तरी. ३० वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्यानेच बंधनकारक आहे. त्या तपासणीचा अहवाल मराठीत, चाळीच्या फलकावर लागला पाहिजे. सरकारी इमारत असेल तर माहिती अधिकाराचा २००५चा कायदा हाताशी आहे, अर्ज करा. चमेली सिंग खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. आपण भीक मागत नाही, संविधानाचे कलम २१ मागत आहोत.

आणि एक काम आपलेही आहे. १४ एप्रिलला आपण जिन्याखालच्या त्याच जुन्या पेटीतून रोषणाईची तार ओढतो. यंदा जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा. परवानाधारक वायरमन बोलवा, प्रत्येक खोलीची तार आणि अर्थिंग तपासून घ्या. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलीअँपिअरचे यंत्र बसवा. फ्यूजमधली जाड तार काढून टाका. ज्या घराला तडा गेला आहे त्या घरातील म्हातारीला गिलाव्याने फसवू नका; अभियंत्याला आणून दाखवा, लेखी तक्रार करा, पोच घ्या.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र केवळ मोर्चासाठी नाही. तो घराच्या स्लॅबसाठीही आहे. बाबासाहेबांच्या फोटोवरचा दिवा जरूर लावा. पण तो ज्या तारेवर जळतो ती तारही एकदा तपासा.

जयभीम!