म्हाकूल, मेंदू आणि गणिताची वही



मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असताना टोपलीत पडलेली म्हाकुले तुम्ही पाहिलीच असतील. एरवी त्यांची आठवण आपल्याला जेवणाच्या वेळीच होते. परंतु मेंदूच्या विज्ञानावर या प्राण्याचे मोठे ऋण आहे. धोक्याची चाहूल लागताच म्हाकूल अंगातले पाणी जोराने बाहेर फेकून मागे झेप घेते. या झेपेचा संदेश नेणारा त्याचा अक्षतंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असू शकतो. माणसाचे अक्षतंतू याच्या मानाने अगदीच बारीक. म्हाकुलाच्या या जाड तंतूत तार घालून हॉजकिन आणि हक्स्ली यांनी विद्युतदाब मोजला, १९५२ मध्ये चेतासंदेशाची समीकरणे मांडली व १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवले. त्या समीकरणांत आपल्या बारावीच्या पुस्तकातले संधारित्र आणि रोध हेच आहेत!

हे सांगण्याचे कारण आमचा एक विद्यार्थी. त्याच्या आजोबांना कंपवात आहे. होडी वल्हवलेल्या हातांनी त्यांना आता चहाची बशी धरवत नाही. हा आजार का होतो, ते शोधायचे असे मुलाच्या मनात होते. वैद्यकीय प्रवेशापुरते गुण पडले नाहीत, तेव्हा तो म्हणाला, "सर, मेंदूचा रस्ता आता बंद झाला."

रस्ता बंद झाला नव्हता. पण अकरावीत "डॉक्टर व्हायचे तर गणित कशाला?" म्हणून त्याने गणित सोडले होते. तेव्हा त्याने मला विचारले होते आणि मी मान डोलावली होती. ही चूक त्याच्यापेक्षा माझी अधिक.

गणिताचा येथे काय संबंध, ते पाहा. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याला लागणारी बहुतेक प्रथिने मात्र कण्याकडच्या टोकाला, पेशीच्या मुख्य भागात तयार होतात. ती नुसत्या विसरणाने पायापर्यंत पोहोचतील काय? विसरणात अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. दहा मायक्रोमीटरला पाच सेकंद धरले, तर लाखपट अंतराला, म्हणजे एक मीटरला, पाच हजार कोटी सेकंद लागतील. भागाकार करा: सुमारे १६०० वर्षे! प्रत्यक्षात काही माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत वेगाने जातो, म्हणजे अडीच दिवसांत पायाशी हजर. याचा अर्थ, पेशीत हमाल असलेच पाहिजेत.

हा हमाल हुडकण्यात एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील रोनाल्ड व्हेल याला १९८३ मध्ये प्रयोगासाठी म्हाकुले हवी होती. पण एल निनोमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती मिळेनात. मासळी गायब होणे म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नको. तो आणि त्याचे सहकारी मायकेल शीट्झ देशाच्या दुसऱ्या टोकाला, वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेले. तेथील कामातून १९८५ मध्ये 'कायनेसिन' हे वाहक प्रथिन जगापुढे आले. हे प्रथिन पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून आठ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत ओझे नेते.

ही वाहतूक बिघडली तर? कायनेसिनच्या एका जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत पाय ताठ होत जातात, हे २००२ मध्ये आढळले. अल्झायमर व कंपवातातही वाहतुकीचा बिघाड दिसतो. तो आजाराचे कारण की परिणाम, याचा शोध अजून चालू आहे.

हे काम आपल्यापासून दूर नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. संध्या कौशिका एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीच्या चेतापेशींतील वाहतूक अभ्यासतात. डॉ. रूप मलिक यांनी त्याच संस्थेत पीएच.डी. केली ती भौतिकशास्त्रात. पुढे ते वाहक प्रथिनांकडे वळले. प्रकाशाच्या चिमट्याने ती पकडून त्यांचा जोर मोजण्याच्या या कामात त्यांना २०१४ चा भटनागर पुरस्कार जीवशास्त्रासाठी मिळाला!

रुग्णाला बरे करण्यासाठी डॉक्टर हवेतच. पण आजाराचे मूळ शोधायला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित शिकलेलेही हवेत. तेव्हा दहावीनंतर गणित की जीवशास्त्र, असा प्रश्न आला तर शक्यतो दोन्ही ठेवा. ओझे वाढेल, हे खरे. पण सोळाव्या वर्षी बंद केलेले दार विसाव्या वर्षी उघडणे फार जड जाते. आणि शिक्षकबंधुभगिनींनो, विद्यार्थी विचारायला आला, तर माझ्यासारखी नुसती मान डोलावू नका.

आमचा तो विद्यार्थी आता बी.एस्सी.ला आहे. रोज संध्याकाळी तो माझ्याकडे अकरावीचे गणित पहिल्या पानापासून सोडवतो. परवा त्याने १६०० वर्षांचे ते उत्तर स्वतः काढले.