मनाचा वैद्य पारखून घ्यावा

गुडघा दुखू लागला तर आपण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. मनाच्या दुखण्यात मात्र एकदा धीर करून पायरी चढली, की समोर जो भेटेल तो मुकाट्याने पत्करतो. नाहीच जमले, तर दोष आपलाच मानून घरी परततो.

मीही असाच परतलो होतो. आई गेल्यावर माझी झोप उडाली. पहिल्या समुपदेशकांनी दहाव्या मिनिटाला ‘चांगले विचार करा’ असा सल्ला देऊन माझी बोळवण केली. पुढे वर्षभर मी कुणाकडेच गेलो नाही. नंतर एक बाई भेटल्या. त्यांनी एवढेच विचारले, “आईला तुम्ही काय म्हणून हाक मारायचात?” त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो.

उपचारक निवडताना आधी आपली गरज ओळखावी. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर. औषधे ते देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. शिक्षण काय, नोंदणी आहे का, पद्धत कोणती, फी किती, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तेव्हा आपले बोलणे कुणापर्यंत जाईल, हेही पहिल्याच भेटीत विचारावे. गावात कुणीच नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतूनही.

एक सावधगिरी मात्र हवी. जखम धुताना झोंबतेच. तेवढ्यावरून वैद्य वाईट ठरत नाही. तीन-चार भेटी द्याव्यात, खटकले ते त्यांनाच सांगावे. ते ऐकून घेतात की दुखावतात, यावरून बरेच कळते. चालू औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत. पण जिथे आपल्याला तोलूनमापून, लपवूनछपवून बोलावे लागते, अपमान वाटतो, तिथून उठावे आणि दुसरे दार ठोठवावे.

घरातले कुणी “त्यांच्याकडे मला नाही जायचं” म्हणाले, तर “तुला बरंच व्हायचं नाही” असे म्हणू नका. “मग दुसरं कुणी बघूया का?” एवढेच विचारा. माझे ते वर्ष वाया गेले, कारण हे विचारणारे तेव्हा कुणी नव्हते.