सामनावीर, दुप्पट गुणांची



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग आळस. आज बसलो ते एका मगामुळे. आमच्या बदलापूरच्या घरात शोकेसमध्ये गेले काही महिने एक पांढरा मग विराजमान आहे. त्यावर हिरव्या-पिवळ्या कपड्यातल्या एका गोऱ्या मुलीचा फोटो आहे आणि खाली ठळक अक्षरांत ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, फायनल’ असं छापलेलं आहे. मुलगी म्हणजे दक्षिण आफ्रिकेची कप्तान लॉरा वूल्वार्ट. फायनल म्हणजे २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेली महिला विश्वचषकाची. ती फायनल भारताने ५२ धावांनी जिंकली. आपण जिंकलो आणि मगावर मात्र हरलेल्या संघाची कप्तान! हा मग आमच्या नातवाने, सोहमने, जिंकून आणला. (उल्हासनगरात छापून दिला म्हणे कोणी. तिथे काय छापून मिळत नाही!)

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. याला फँटसी लीग म्हणतात. दोन्ही संघांतले मिळून अकरा खेळाडू तुम्ही कागदावर निवडायचे. प्रत्यक्ष सामन्यात ते जे करतील त्याचे गुण तुम्हाला. सोहमच्या मित्रमंडळींचा हिशेब असा : धावेला एक, विकेटला पंचवीस, झेलाला आठ, थेट फेकीने धावबाद केलं तर बारा. शिवाय एकाला कप्तान नेमायचं, त्याचे गुण दुप्पट. हे सगळं बिनपैशाचं, मोबाईलवरच्या तक्त्यात. सोहमने वूल्वार्टला कप्तान केलं होतं. तिने शतक काढलं, १०१. दुपटीने २०२. आपल्या दीप्ती शर्माने त्या दिवशी ५८ धावा काढल्या आणि ३९ धावांत ५ बळी घेतले. तिचे सोहमच्या तक्त्यात १८३. म्हणून सर्वात मौल्यवान खेळाडू वूल्वार्ट. बाकीच्या मित्रांनी स्मृतीला कप्तान केलं होतं, ती ४५ वर बाद झाली, ते सगळे मागे पडले.

ती रात्र मला चांगली आठवते. पावसामुळे सामना दोन तास उशिरा, पाचला सुरू झाला आणि संपेपर्यंत मध्यरात्र उलटली. एरवी साडेनऊला झोपणारी आमची सौ. सोफ्यावर ताठ बसून होती. वूल्वार्ट खेळत होती तोपर्यंत सामना आपल्या हातात नव्हता. मग दीप्तीच्या चेंडूवर तिने उंच फटका मारला. अमनजोत कौर धावत आली. चेंडू तिच्या हातातून एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला आणि शेवटी एका हातात राहिला. सौ. उभीच राहिली. शेजारच्या इमारतीतून आरडाओरडा ऐकू आला. मी सोहमकडे पाहिलं. एका डोळ्यात हासू, एका डोळ्यात आसू. वूल्वार्टचं दुप्पट गुणांचं दुकान बंद झालं होतं, पण विकेट दीप्तीच्या नावावर, म्हणजे पंचवीस जमा. तो बोटांवर वजाबाकी करत होता. आपला देश पहिल्यांदा महिलांचा विश्वचषक जिंकायला निघाला होता आणि पोरगा वजाबाकी करत होता!

आणि अमनजोत? तिने सलामीच्या ब्रिट्सला थेट फेकीवर धावबाद करून पहिली विकेट मिळवून दिली होती. वर हा झेल. तक्त्यात बारा आणि आठ, एकूण वीस. तेवढ्या तर कोणीही पुढे-मागे ढकलून काढलेल्या धावा असतात.

माझं भांडण इथे आहे. मौल्यवान हा शब्द सोपा नाही. कुणासाठी मौल्यवान, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही. वूल्वार्टचं शतक दक्षिण आफ्रिकेला मौल्यवान होतं, त्याबद्दल माझी ना नाही. २९९ चा पाठलाग ती जवळजवळ एकटीने करत होती. पण त्या शतकाला सोहमसाठी मोल आलं ते त्याने आदल्या दिवशी एका चौकटीत तिच्या नावापुढे खूण केली म्हणून. त्याच शतकाचे दुसऱ्या मुलाच्या तक्त्यात १०१, तिसऱ्याच्या तक्त्यात शून्य. खेळाडू तोच, खेळी तीच. मोल मात्र बघणाऱ्याच्या खुणेवर. याला खेळाडूची किंमत म्हणत नाहीत, याला आपल्या अंदाजाची किंमत म्हणतात.

हरलेल्या बाजूच्या खेळाडूचा गौरव करू नये असं मी म्हणत नाही, हे नीट वाचा. २००९ च्या आयपीएलची फायनल दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला झाली. अनिल कुंबळेने १६ धावांत ४ बळी घेतले, पहिल्याच षटकात गिलख्रिस्टला शून्यावर घालवलं. तरी बंगळूर ६ धावांनी हरलं. सामनावीर कुंबळेच ठरला आणि कुणाला ते खटकलं नाही. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलची मोठी फायनल असते, सुपर बोल. १९७१ साली डॅलसचा चक हाउली हरलेल्या संघातून सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. त्यानंतर तसं पुन्हा घडलेलं नाही. हा फँटसीचा उद्योगही मूळचा तिकडचाच बरं का, १९६२ पासूनचा. पण कुंबळे काय, हाउली काय, त्यांनी जे केलं ते स्वतःच्या माणसांसाठी केलं, आणि ते कमी पडलं तेव्हा त्यांनाच लागलं. गौरव त्याचा होता. तक्त्याला काहीच लागत नाही. फँटसीवाला दोन्हीकडचे खेळाडू घेऊन बसतो. त्याचा गोलंदाज त्याच्याच फलंदाजाला बाद करतो आणि तो हसावं की रडावं या विचारात. खेळ बघणाऱ्याला हरता यायला हवं. त्याला फक्त गुण कमी मिळतात.

सोहम म्हणाला, “आजोबा, पंच लोक तरी काय वेगळं करतात? २०२४ च्या टी-ट्वेंटी फायनलला सामनावीर कोण? कोहली. ७६ धावा. आणि तुम्हीच घरात ओरडत होतात की मॅच बुमराहने काढली.” खरं आहे, ओरडत होतो. आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या तेव्हा आम्ही टीव्ही बंद करायला निघालो होतो. बुमराहने अठराव्या षटकात दोन धावा देऊन यान्सनचा त्रिफळा उडवला. शेवटच्या षटकात १६ हव्या असताना सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला, चेंडू आत टाकून, स्वतः बाहेर जाऊन, परत येऊन. झेलाला आठ गुण! १९८३ ला लॉर्ड्सवर कपिलने मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा घेतला त्यालाही आठच मिळाले असते. पण निवडणाऱ्या माणसाला निदान विचार करावा लागतो. त्याच १९८३ ला मोहिंदर अमरनाथला सामनावीर केला, २६ धावा आणि १२ धावांत ३ बळी. सर्वाधिक ३८ धावा श्रीकांतच्या होत्या. कुणीतरी बसून तोलून ठरवलं. माणूस चुकतो, पण चुकला तर त्याच्याशी भांडता येतं. तक्त्याशी कोण भांडणार?

आता पैशाचं. सोहमचा खेळ बिनपैशाचा आहे म्हणून मी मगावर निभावून नेतो. पण २०२५ च्या ऑगस्टपर्यंत हेच सगळं रोख पैशांवर चाललं होतं, आणि ड्रीम इलेव्हनचं नाव तर २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर होतं. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने याला कौशल्याचा खेळ म्हटलं. न्यायालयाचा मी आदर करतो. पण अंबरनाथला माझ्या वर्गात बसलेल्या एका विद्यार्थ्याचा मुलगा एका अ‍ॅपवर (नाव घेत नाही, सगळी एका माळेचे मणी) एकोणपन्नास-एकोणपन्नास रुपये करत दुचाकीच्या हप्त्याचे पैसे घालवून बसला. बाप माझ्याकडे आला, म्हणाला, “सर, तो म्हणतो मी जुगार नाही खेळत, मी अभ्यास करतो.” अभ्यास तो खरंच करत होता! खेळपट्टी, दव, डावखुऱ्यांविरुद्धची सरासरी, वहीच घातली होती. तेवढा अभ्यास दहावीला केला असता तर... असो. लाखो लोक तोच अभ्यास करून एकाच फायनलला पैसे लावायचे, कंपनी आपला वाटा आधी काढून घ्यायची, उरलेल्यातलं मोठं बक्षीस एक-दोघांना, आणि कप्तान कोण हा एक अंदाज चुकला की अभ्यास पाण्यात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशाचे खेळ बंद केले तेव्हा बऱ्याच जणांनी गळा काढला. मी पेढे आणले.

हे सगळं तावातावाने सोहमला ऐकवलं खरं. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण मीसुद्धा तक्ताच वाचलेला माणूस आहे.

१९८७ च्या थंडीतली गोष्ट. आंतरशालेय सामन्यांची फायनल होती, पंचवीस षटकांची. गुणलेखक मी. आमचे सात गडी बाद झाले तेव्हा जिंकायला चाळीसेक धावा हव्या होत्या. एका बाजूला आमचा चांगला फलंदाज होता, दुसऱ्या बाजूला नवव्या क्रमांकाचा एक किडकिडीत मुलगा, पायात कॅनव्हासचे बूट, एकाच पायाला पॅड. तो मुलगा नऊ षटकं उभा राहिला. चेंडू अंगावर घेतले, मांडीवर, बरगडीवर. धावा केल्या चार. आम्ही जिंकलो. प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, “सर, बक्षीस कुणाला?” मी वही उघडली आणि ४१ वर बोट ठेवलं. त्या बोटाला काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी बदलापूर स्टेशनच्या पुलावर तो भेटला. केस पांढरे, हातात भाजीची पिशवी. पाया पडला. इकडचं तिकडचं झालं आणि हसत म्हणाला, “सर, त्या दिवशी मी किती चेंडू खेळलो होतो हो? तुमच्या वहीत असेल ना?”

वहीत नव्हतं. आमच्या त्या वहीत फलंदाजाच्या ओळीत फक्त धावा लिहायच्या असत. निर्धाव चेंडूंचे ठिपके गोलंदाजाच्या रकान्यात पडत. त्याने अडवलेला एकेक चेंडू समोरच्या मुलाच्या नावावर जमा झाला होता. मी म्हटलं, “चाळीसच्या वर असतील रे.” तो म्हणाला, “मला वाटायचं तीसेक.” आणि लोकल आली म्हणून धावला. ही गोष्ट मी सोहमला सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की निर्धाव चेंडूंनाही गुण देता येतील, पुढच्या मोसमात नियम बदलू. मी कपाळावर हात मारला.

मग अजून शोकेसमध्येच आहे. सौ. त्यात गॅसचा लायटर आणि विजेची बिलं ठेवते. वूल्वार्टचं तोंड तिने भिंतीकडे केलं होतं, सोहम आला की पुन्हा समोर करतो.