खिशातला कॅमेरा की गळ्यातला?

सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडी येथे भुसार आणि किराणा मालाचा पिढीजात व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबातील आजी २०२४ च्या चातुर्मासाच्या आरंभी निवर्तल्या. निधनवार्तेसाठी त्यांचे छायाचित्र हवे होते. घरात लग्नांचे चार जाडजूड अल्बम होते, तीन मोबाइलमध्ये हजारो चित्रे होती. तरीही वार्तेसोबत देण्याजोगे एकही सापडेना. अखेर पुतणीच्या लग्नातील सामूहिक छायाचित्रातून आजींचा चेहरा कापून घेण्यात आला. शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या शालूचा काठ त्या कापलेल्या चित्रात आजींच्या खांद्यावर तसाच राहिला.

असे चित्र या पानांच्या वाचकांना नवीन नाही. निधनवार्तांच्या सदरात निम्मे चेहरे लग्नमांडवातून उचललेले असतात आणि उरलेले ओळखपत्रावरून. ज्या माणसाने पन्नास वर्षे गल्ल्यावर बसून घर चालविले, त्याचे गल्ल्यावर बसलेले चित्र घरात नसते. आजी ज्वारी निवडताना, गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देताना, दुपारी चष्मा लावून स्वाध्याय करताना रोज दिसत होत्या. रोज दिसत होत्या म्हणूनच कोणी ते टिपले नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. अण्णा, म्हणजे त्याचे आजोबा, ब्याऐंशी वर्षांचे. अजूनही सकाळी दुकानात येऊन रोजमेळावर नजर टाकणारे. त्यांचे तरी साधे, रोजचे रूप राहावे म्हणून नातवाने चांगला कॅमेरा घेण्याचे ठरविले. वडिलांनी व्यापाऱ्याला शोभेल असाच पहिला प्रश्न केला, “प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला?”

प्रश्न रास्त होता. उजेडात काढलेल्या आणि मोबाइलवरच पाहायच्या चित्रांसाठी मोबाइल पुरेसा आहे. फरक पडतो तो कमी प्रकाशात आणि मोठी प्रत काढताना. नातू ज्या कॅमेऱ्यांचा विचार करीत होता, त्यांतील प्रकाश टिपणारा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. मोबाइलमधील सेन्सर त्याच्या काही अंशानेच भरतो. दुसरे कारण सवयीचे आहे. मोबाइल हाती घेतला की निरोप येतो, भाव विचारणारा फोन येतो आणि चित्र राहून जाते. मोबाइल बदलला की जुनी चित्रेही बहुधा त्याच्याबरोबर जातात.

नातवाने निवड दोन कॅमेऱ्यांवर आणली होती. दोन्ही लहान, आणि दोन्हींची लेन्स कायमची बसविलेली. ती काढता येत नाही, बदलता येत नाही, पुढे सरकवून दूरची वस्तू जवळही आणता येत नाही. हे ऐकून धाकट्या काकांना हसू आले. एवढे पैसे मोजून एकाच कोनातून पाहायचे?

पण आपल्याकडील छायाचित्रणाची परंपरा पुष्कळशी अशाच कॅमेऱ्यांवर उभी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत असे तो आगफा क्लिक थ्री याच जातीचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे निघत, आणि जवळचे हवे असेल तर स्वतःच जवळ जावे लागे. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हाती बराच काळ रोलिफ्लेक्स असे. त्याचीही लेन्स बदलता येत नसे. २०११ मध्ये पद्मविभूषणाने गौरविल्या गेलेल्या या बाईंना त्यामुळे काही उणे पडले नाही.

जैन घराला यातील आणखी एक बाजू सहज उमगावी. परिग्रहपरिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. वस्तू किती ठेवायची हे आधीच ठरवायचे. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घरात आला की त्याच्यामागून दुसरी लेन्स येते, मग तिसरी, मग त्या सर्वांची पिशवी. कायमच्या लेन्सच्या कॅमेऱ्यात खर्चाचे खाते बहुतांशी पहिल्याच दिवशी बंद होते. अण्णांना हा मुद्दा तत्काळ पटला.

पहिला कॅमेरा रिको कंपनीचा जीआर थ्री. १९९६ साली फिल्मच्या काळात सुरू झालेल्या जीआर मालिकेतील हा कॅमेरा २०१९ मध्ये बाजारात आला. बॅटरी आणि कार्डासह वजन २५७ ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा आकार. सेन्सर २४ मेगापिक्सेलचा. लेन्सचा कोन जुन्या फिल्मच्या मापाने २८ मिलिमीटरचा. डोळा लावून पाहण्याची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, त्याला नाही; मागच्या पडद्यावरच पाहायचे. फ्लॅशही नाही.

दुसरा फुजीफिल्मचा एक्स-हंड्रेड सिक्स. २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला आणि जगभर मागणी इतकी झाली की गिऱ्हाइकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. वजन ५२१ ग्रॅम, म्हणजे रिकोच्या दुपटीहून किंचित अधिक. हा खिशात नव्हे, गळ्यात बाळगायचा. सेन्सर ४० मेगापिक्सेलचा, लेन्सचा कोन ३५ मिलिमीटरचा. उत्तम व्ह्यूफाइंडर, वर-खाली झुकणारा पडदा, लहानसा फ्लॅश, आणि जुन्या कॅमेऱ्यांसारख्या हाताने फिरवायच्या चकत्या. २०२४ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत १,५९९ डॉलर होती. रिकोची बाजारात आला तेव्हाची ८९९ डॉलर. आपल्याकडे हाती पडेपर्यंत दोन्ही रकमा वाढतात. पण अंतर मोठेच राहते.

२८ आणि ३५ या आकड्यांचा अर्थ वडिलांनी विचारला तेव्हा नातवाने तो हिशेबानेच सांगितला. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. अंतराला ३६ ने गुणून लेन्सच्या आकड्याने भागले की चित्रात किती रुंदी मावते ते निघते. दोन मीटरवर उभे राहिले तर २८ च्या लेन्समध्ये सुमारे २.५७ मीटर मावतात आणि ३५ च्या लेन्समध्ये सुमारे २.०६ मीटर. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्यात अण्णा, काटा, मागची पोत्यांची थप्पी आणि समोरचे गिऱ्हाईक असे सारे येते. दुसऱ्यात अण्णा आणि त्यांच्यापुढची वही. २८ ने केवळ चेहरा टिपायचा तर फार जवळ जावे लागते, आणि फार जवळून नाक मोठे, कान लहान दिसू लागतात.

मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलण्याचे कारण नव्हते. २४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे सहा हजार आणि उभे चार हजार ठिपके. इंचाला तीनशे ठिपके या उत्तम दर्जाने छापले तरी वीस बाय तेरा इंचांची प्रत निघते. एवढी मोठी प्रत घरात वर्षातून एखादीच लागते. ४० मेगापिक्सेलचा खरा उपयोग चित्राचा भाग कापून घेताना होतो.

प्रकाशाच्या बाबतीत फुजीचे पारडे जड होते. त्याच्या लेन्सचे तोंड एफ २ पर्यंत उघडते, रिकोचे एफ २.८ पर्यंत, म्हणजे त्याच वेळात फुजीमध्ये दुप्पट प्रकाश येतो. हाताचा कंप सावरण्याची सोय दोन्हींत आहे, पण ती स्थिर वस्तूंपुरती. समोरचा माणूस हलत असेल तर तिचा उपयोग नाही. तामलवाडीला याचा अर्थ नीट कळतो. कोजागरीला सोलापूरकडून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांची रांग रात्रभर गावावरून जाते. चालणारी पावले रात्रीच्या उजेडात टिपायची तर लेन्सचे मोठे तोंड कामी येते.

उन्हातही फुजीच सरस. भर दुपारी रस्त्यालगतच्या दुकानासमोर मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. तेथे डोळ्याला लावायची खिडकीच उपयोगी. आणखी एक गोष्ट भुसार दुकानाला टाळता येण्याजोगी नव्हती: धूळ. धान्याची पोती ओतली की बारीक धूळ हवेत तरंगते. रिकोला धुळीपासून संरक्षण नाही, आणि आत गेलेला कण चित्रात डाग होऊन बसतो अशी तक्रार त्याच्या वापरकर्त्यांत जुनी आहे. फुजीलाही पूर्ण संरक्षण हवे तर लेन्सवर वेगळे कडे आणि काच बसवावी लागते.

एवढा ताळेबंद मांडल्यावर नातवाचा कौल फुजीकडे झुकला होता. पण बयाणा देण्यापूर्वी आठ दिवस चाचणी घ्यावी असे वडिलांनी सुचविले, आणि त्यासाठी एक पैसाही लागणार नव्हता. मोबाइलच्या मुख्य लेन्सचा कोन साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा असतो. झूम १.१ ते १.२ वर ठेवला की तो २८ च्या जवळ येतो आणि १.४ ते १.५ वर ठेवला की ३५ च्या. घरातील तिघांनी, म्हणजे नातू, त्याचे वडील आणि आई यांनी, चार दिवस पहिला आकडा आणि चार दिवस दुसरा आकडा ठेवून चित्रे काढायची. मध्ये झूम बदलायचा नाही. कोजागरीच्या आठवड्यात नातू रजा घेऊन गावी आला होता.

नवव्या दिवशी सर्व चित्रे दूरदर्शनच्या मोठ्या पडद्यावर लावली गेली. वडिलांची चित्रे थोडीच होती. दुकानात हात मोकळा नसतो. नातवाची पुष्कळ होती आणि नीटनेटकी होती, पण बहुतेक दाराच्या बाहेरून किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून काढलेली. त्यांत अण्णा ताठ बसलेले दिसत होते. कोणी चित्र काढत आहे हे त्यांना ठाऊक होते.

आईंची चित्रे वेगळी होती. काही हललेली, काही तिरपी. पण अण्णा त्यांत जसे असतात तसे होते. सुईत दोरा ओवताना जीभ दातांत धरलेले. औषधाची गोळी तळहातावर घेऊन ती सकाळची की रात्रीची हे आठवणारे. आजींच्या रिकाम्या पाटाकडे तोंड करून जेवणारे. हे शेवटचे चित्र पडद्यावर आले तेव्हा कोणी काही बोलले नाही. अण्णांनीच थोड्या वेळाने म्हटले, “सूनबाई, हे केव्हा काढलेत? मला कळलेदेखील नाही.”

“रोज वाढायला मीच असते ना अण्णा,” त्या म्हणाल्या.

निवडीचा प्रश्न तेथे बदलला. नातू महिन्यातून दोन दिवस घरी येणार. रोज जवळ असणार त्या आई. त्या जेथे उभ्या राहतात ते अंतर हात दीड हात, स्वयंपाकघर अरुंद, मागे सरकायला जागा नाही. त्यांची चांगली चित्रे पहिल्या चार दिवसांतील, म्हणजे २८ च्या कोनातील होती. गळ्यात अर्धा किलोचा कॅमेरा अडकवून त्या पोळ्या लाटणार नाहीत, हेही उघड होते. कमरेच्या बटव्यात राहील आणि एका हाताने चालेल तोच त्यांच्या उपयोगाचा.

नातवाला व्ह्यूफाइंडरचा आणि त्या चकत्यांचा मोह सोडणे जड गेले. त्याने एकदा विचारलेही, “आई, तू वापरशील ना नक्की? नाहीतर कपाटात पडून राहील.” त्यांनी उत्तर दिले, “लहान असेल तर वापरीन. मोठा आणलास तर तो तुझा.” कुटुंबाने रिको घेतला. कोजागरीच्या रात्रीची चित्रे त्यात थोडी कमी उजळ येतील, हे मान्य करून घेतला. धुळीसाठी साखळीची छोटी थैली केली आणि धान्य ओतण्याच्या वेळी कॅमेरा गोदामात न्यायचा नाही असा नियम ठरविला. पुढे २०२५ मध्ये कंपनीने जीआर फोर आणला. त्याचाही कोन २८ च आहे, म्हणून मागे पाहण्याचे कारण राहिले नाही.

मर्यादेचा विचार मात्र यंत्राबरोबर संपत नाही. जिल्ह्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्री हे कुटुंब दर्शनाला गेले तेव्हा कॅमेरा आधी बंदच ठेवला. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये तेथे सल्लेखना घेतली. त्यांची छायाचित्रे आजही घराघरांतून आहेत आणि नव्या पिढीला महाराजांचे रूप कळते ते त्यांमुळेच. म्हणून छायाचित्रण वर्ज्य नव्हे. पण मंदिरात, मुनिश्रींपुढे आणि सामायिकात बसलेल्या माणसापुढे आधी अनुमती घ्यावी, फ्लॅश वापरू नये. घरातील वृद्धांनाही हाच न्याय. अण्णांनी एकदा दाढी करताना हाताने “नको” अशी खूण केली. ते चित्र काढले गेले नाही.

दोन कॅमेऱ्यांच्या किमतीत जो फरक होता, त्यातील एक भाग आईंनी वेगळा काढून ठेवला आहे. दर महिन्याच्या शेवटी सोलापूरहून दहा चित्रांच्या प्रती छापून येतात. मागे मऊ पेन्सिलीने दिनांक आणि नावे लिहिली जातात, आणि त्या जुन्या लग्नाच्या अल्बमांशेजारी ठेवल्या जातात. दिनांक घालण्याचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले आहे. पन्नास वर्षे रोजमेळ लिहिलेले त्यांचे अक्षर अजून सुवाच्य आहे. पाटाच्या त्या चित्राच्या मागे त्यांनी दिनांकाखाली आजींचेही नाव लिहिले.