एकच खाच, कोणाचा हक्क?
सिंगापूरमध्ये 2019 च्या सुरुवातीला ॲनालॉग प्रक्षेपण थांबले आणि जुना टीव्ही ठेवणाऱ्या घरांत डिजिटल सेट-टॉप बॉक्स आला. अशा कित्येक टीव्हींना एचडीएमआयची खाच एकच, आणि ती बहुधा महागड्या यंत्राला दिली जाते. माझ्या मते, पर्यायी वायरीने ज्याचे सर्वाधिक नुकसान होते त्याचा त्या खाचेवर पहिला हक्क. डीव्हीडी प्लेअरचेच घ्या: डीव्हीडीवर मुळातच फार तर 576 ओळींचे चित्र असते. कंपोनंट वायरीने ते जवळजवळ तसेच पोहोचते. बॉक्सचे एचडी चित्र मात्र पिवळ्या पिनेच्या वायरीतून आणले की त्याच 576 ओळींवर घसरते आणि आधी पुसट होतात ती बारीक अक्षरे. चार अधिकृत भाषांच्या या देशात ‘वसंतम्’ वाहिनीवरची तमिळ मालिका तमिळ न येणारा शेजारी सबटायटलच्याच आधारे पाहतो, त्याच्यासाठी अक्षर पुसटले की कथाच तुटते. सिनेमाला उत्तम चित्र नको का, असे कोणी विचारील. हवेच, पण डीव्हीडीत नसलेला तपशील वायर कुठून आणणार? स्ट्रीमिंग स्टिकबाबतचा आक्षेप खरा आहे, तिला दुसरी वाटच नसते. तिथे स्वस्त एचडीएमआय स्विच घ्यावा. रोज वायर उपसून खाच सैल करू नये.