जुन्या संगणकांत आधीं काय बदलावें?

हल्लीं नांदेड, लातूर व आसपासच्या तालुक्यांतील पुष्कळ घरांत एखादा आठ-दहा वर्षांचा संगणक असतो. कोणी तो थोरल्या भावाच्या एम.एस.-सी.आय.टी.करितां घेतलेला, कोणी झेरॉक्सचें दुकान उठवितांना घरीं आणलेला. तो सुरू करून आई चहा ठेवावयास जाते, आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरील चक्र फिरतच असतें. एरवीं याचें हंसूं येईल. परंतु २०२५ पासून इयत्ता अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत ऑनलाइन झाले आहेत, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशीं तें चक्र पाहत बसलेल्या मुलाची व त्याच्या वडिलांची तगमग ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तें येणार नाहीं.

अशा वेळीं दुकानांत विचारावें तर उत्तर बहुधा एकच मिळतें, "हा टाका, नवा घ्या." सोयाबीनचा भाव पडलेल्या सालीं हा सल्ला देणें सोपें, पाळणें कठीण. आमचें मत याहून निराळें आहे. यंत्र ज्या भागाची वाट पाहत थांबतें त्या भागावर पहिला रुपया खर्च करावा. ज्याचें नांव भारदस्त त्यावर नव्हे.

तो भाग ओळखणें अवघड नाहीं. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. काम रखडलें असतां प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकीं कोणाचा आंकडा शंभराशीं टेंकला आहे तें तेथें पाहावें. जुन्या संगणकांत तो बहुधा डिस्कचा असतो. हार्ड डिस्क म्हणजे ग्रामोफोनसारखी फिरती तबकडी, व तिजवर इकडून तिकडे सरकणारा वाचकहात. डेस्कटॉपमधील नेहमींची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. हवी ती नोंद हाताखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारें ४ मिलिसेकंद जातात. हात त्या जागीं सरकण्यास बहुधा त्याहूनहि अधिक. हिशेब केला तर विखुरलेल्या नोंदी सेकंदास शंभराच्या आसपासच वाचून होतात. एस.एस.डी.मध्यें फिरणारें कांहींच नाहीं; तितक्याच वेळांत ती हजारों नोंदी पुरविते. म्हणून पहिला मान तिचा. तिला लागणारी साटा जोडणी दहा-बारा वर्षांच्या बहुतेक डेस्कटॉपमध्यें असतेच. मात्र जुनी डिस्क काढण्यापूर्वीं तिजवरील फोटो व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून घ्यावींत. ताईच्या लग्नाचे फोटो गमावून मिळालेला वेग कोणास गोड लागणार?

रॅमचा क्रम दुसरा, परंतु सर्वांकरितां नव्हे. चार जी.बी. असल्यास आठ करावी; आठ असून काम अर्ज, अभ्यास व व्हिडिओ एवढेंच असल्यास थांबावें, विशेषतः २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव चढले असतां. डी.डी.आर.३ च्या खांचेंत डी.डी.आर.४ ची पट्टी बसत नाहीं, म्हणून जुनी पट्टी खिशांत घालूनच दुकानाची पायरी चढावी.

मोठ्या शहरांतील जाणते जो क्रम सांगतात त्यांत वीज व धूळ यांस फारशी जागा नसते. आम्ही मराठवाड्यांतील लोकांनीं मात्र ती द्यावी. मे महिन्यांत पारा ४० च्या वर गेला व पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसला म्हणजे प्रोसेसर तापतो, आणि स्वतःस वांचविण्याकरितां आपण होऊनच मंद चालतो. तेव्हां खरेदीच्या आधीं वीज बंद करून मऊ ब्रशानें ती धूळ काढावी; यास खर्च नाहीं. घरीं यू.पी.एस. नसेल, किंवा त्याची बॅटरी निकामी झाली असेल, तर आमच्या मतें ती बाब रॅमच्याहि आधीं येते. काम चालू असतां एकाएकीं वीज गेल्यानें अर्धवट लिहिलेली फाईल बिघडते. आणखी एक गमतीची गोष्ट. संगणकाचें घड्याळ मागच्या काळांत जाऊन बसलें म्हणजे सुरक्षित संकेतस्थळें उघडण्याचें नाकारतात, व घरचे लोक इंटरनेटवाल्यास दोष देत बसतात. दोष बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो, आणि ती अल्प किंमतींत मिळते.

प्रोसेसर व मदरबोर्ड यांचा नाद शेवटीं धरावा, किंवा धरूंच नये. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. प्रोसेसर नव्या पिढीचा घेतला कीं बोर्ड नवा लागतो, बोर्ड नवा घेतला कीं रॅमहि बहुधा नवी लागते. आणि केवळ खेळांकरितां ग्राफिक्स कार्ड मागणाऱ्या विद्यार्थ्यांस इतकेंच सांगतों कीं, चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला कोणत्याहि आईस परवडत नाहीं.

एक अडचण मात्र खरी आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींच्या बहुतेक प्रोसेसरांस विंडोज ११ अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं. अशा यंत्रावर उबंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली घालतां येते. ज्यांस ती मानवणार नाहीं त्यांस पुढेंमागें नवा संगणक घ्यावा लागेल. पण आज घेतलेली एस.एस.डी. त्या दिवशीं काढून नव्यांत बसवितां येईल. जुनी रॅम बहुधा बसणार नाहीं.